मावशीनं कॉम्प्युटर आधी उघडून बघितला

माझी मावशी घड्याळं दुरुस्त करते. एकोणिसाव्या वर्षी ती आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, टेबलाशी जी बसली ती अजून उठलेली नाही, असं माझी आई म्हणते. डाव्या डोळ्याला भिंग लावायची तिला इतकी सवय, की ते कपाळावर सरकवून ती बाजारात जाते, लग्नाला जाते, एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तशीच जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, "आता मी काय तपासू?" तेव्हापासून गल्लीत तिचं नाव भिंगमावशी पडलं. माझी ती सख्खी मावशी, पण मीसुद्धा भिंगमावशीच म्हणते.

काका म्हणजे तिचा नवरा. सिटी बसचे निवृत्त ड्रायव्हर. उंचीनं दारात मावत नाहीत, आवाज हॉर्नसारखा, आणि मिशी अशी की लहान मुलं हात लावून खरी आहे का बघतात. दोघांना मूलबाळ नाही. ती कसर दोघांनी माझ्यावर भरून काढली, म्हणून मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी अडतीस वर्षांची बाई असूनही त्या घरात गेले की माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं जातं.

मावशीच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला तो रागामुळे.

एका रविवारी सकाळी मी गेले तर ती खिडकीजवळच्या टेबलावर वाकून बसली होती. समोर घड्याळ नव्हतं, मोबाइल होता. आणि ती भिंगातून मोबाइल बघत होती! पडद्यावर कुणीतरी लांबच्या देशातला माणूस मनगटी घड्याळ जुळवत होता.

"अरे मेल्या, एवढं तेल!" मावशी ओरडली. "घड्याळ आहे ते, सायकलची चेन नाही!"

तो माणूस शांतपणे आणखी एक थेंब सोडून मोकळा झाला.

"याला ऐकू जात नाही का गं?"

"मावशी, तो व्हिडिओ आहे. त्यानं कधीचा काढून ठेवलाय."

"आणि अडीच लाख लोकांनी बघितलाय. म्हणजे अडीच लाख घड्याळांचं वाटोळं!" तिनं भिंग कपाळावर सरकवलं. "मला याला उत्तर द्यायचंय. काय करावं लागेल?"

मी आपली थट्टेत म्हणाले, "तू तुझा व्हिडिओ काढ. नाहीतर सरळ लाइव्ह कर. तू काम करतेयस आणि लोक तेव्हाच बघतायत."

"करू," मावशी म्हणाली, आणि चपला शोधायला उठली.

काका आतून गरजले, "अहो, कुठं निघालात?" काका बायकोला 'अहो' म्हणतात आणि मावशी त्यांना 'अहो' म्हणते. त्यामुळे त्या घरात कुणी कुणाला हाक मारली ते पाहुण्याला कधीच कळत नाही.

"कॉम्प्युटर आणायला!"

"थांबा, मीही येतो. चांगला मोठा घेऊ!"

मुख्य रस्त्यावर एक मोठं दुकान आहे, बाहेरून सगळं काचेचं. आत शिरलो आणि काका जागीच थिजले. समोर एक काळा उभा डबा होता, बाजूला काच, आणि आतले पंखे लाल, निळे, जांभळे होत गरागरा फिरत होते. काकांचा चेहराही त्याबरोबर लाल, निळा, जांभळा होत होता. बायको बाजूला उभी आहे हेसुद्धा ते विसरले असावेत.

कडक इस्त्रीच्या शर्टातला विक्रेता हात चोळत आला. "थेट प्रक्षेपण करायचंय ना? मग हाच. याच्यापेक्षा कमी घेतलात तर चित्र अडकत अडकत येईल, सांगून ठेवतो."

"हे दिवे काय काम करतात?" मावशीनं विचारलं.

"लुक येतो, मॅडम."

"लुक म्हणजे?"

"दिसायला छान."

"दिसायला माझे यजमान आहेत," मावशी म्हणाली. "मला चालणारं पाहिजे. उघडा जरा."

"उघडता नाही येणार, वॉरंटी जाईल."

"हे बघा, मी घड्याळ विकत घेताना डायल बघत नाही. मागचं झाकण उघडते. डायल तर फुटपाथवरच्या घड्याळाचीही सोनेरी असते."

विक्रेत्यानं उघडलं नाही. किंमत मात्र सांगितली. ती ऐकून काकांचा जांभळा रंग एकदम उतरला आणि आम्ही तिघं रस्त्यावर आलो. काका दोनदा मागं वळून बघत होते. जत्रेतून लहान मुलाला ओढून आणावं तसं मावशीनं त्यांना हाताला धरून कोपऱ्यापर्यंत आणलं.

घरी आल्यावर तिनं ज्या वहीत घड्याळांची दुखणी लिहिते ती वही काढली. 'मनगटी, दिवसाला चार मिनिटं मागं पडतं' अशा नोंदींच्या खाली तिनं लिहिलं: 'कॉम्प्युटर. त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं?' आणि आम्हाला समोर बसवलं. मला काय लागतं? पत्रं लिहायला, कागद छापायला. काकांना? बुद्धिबळ, आणि जुन्या बसगाड्यांचे व्हिडिओ. तिला? मोठ्या पडद्यावर घड्याळवाल्यांचे व्हिडिओ, आणि स्वतःचं लाइव्ह.

"खेळ कुणी खेळणार आहे का? मारामारीचे, गाड्या पळवायचे?"

"तीस वर्षं खरी गाडी पळवली," काका म्हणाले. "आता खोटी कशाला?"

"मग तो दिव्यांचा डबा आपला नाही."

माझ्या शाळेचे कॉम्प्युटर ज्याच्याकडे दुरुस्तीला जातात तो माणूस एका छापखान्याखालच्या तळघरात बसतो. आम्ही शाळेत त्याला तळघरवालाच म्हणतो. पन्नाशीचा, हडकुळा, आणि शब्द असे वापरतो जसे काही ते परत दुकानात द्यायचेत. तिथं फळ्यांवर मोठमोठ्या ऑफिसांतून निघालेल्या मशिनींच्या थप्प्या असतात. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी मावशीला तिकडं नेलं.

ती जिना उतरली, सोल्डरिंगच्या धुराचा वास घेतला, टेबलावरचे चिमटे, ब्रश आणि स्क्रूच्या वाट्या बघितल्या, आणि माहेरी आल्यासारखी हसली.

"भाऊ, हा चिमटा तुम्ही उलटा धरता," ही तिची पहिली ओळख.

तळघरवाल्यानं वर बघितलं. कपाळावरचं भिंग बघितलं. मग चिमटा सुलटा धरून बघितला. "हं," तो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

वहीतलं पान वाचून तो म्हणाला, "नवीन नको, ताई. ऑफिसातलं घ्या. चार-पाच वर्षं वापरलेलं. ऑफिसात बिचाऱ्याकडून बेरीज-वजाबाकीच करून घेतात, दमलेलं नसतं." त्यानं फळीवरून एक चपटा डबा काढला. दोन जाड शब्दकोश एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढा. दिवा फक्त एक, तोही पांढरा.

"उघडा," मावशी म्हणाली.

त्यानं काही न बोलता उघडला! मावशीनं भिंग डोळ्यावर ओढलं आणि आत डोकं घातलं.

"भाऊ, ही कोपऱ्यातली बारकी पिंपं. तिघांची डोकी सपाट आहेत. या चौथ्याचं फुगलंय. असं असतं का?"

तळघरवाला वाकला. मग आणखी वाकला. मग त्यानं तो डबा मुकाट्यानं बंद करून मागं ठेवून दिला आणि दुसरा काढला. "फुगलेलं म्हणजे गेलं. माझ्या नजरेतून सुटलं." त्याच्या डोळ्यांत जो भाव आला तो मी त्याच्या डोळ्यांत पूर्वी कधी बघितला नव्हता. ते प्रेम असतं तर काकांना सांगावं लागलं असतं. पण तो आदर होता.

त्यानंतर त्याची जीभ सुटली. दोन तास सुटली! मावशी विचारते, तो सांगतो, आणि सांगताना टेबलावर वस्तू मांडतो. व्हिडिओ बघताना मशीन धापा का टाकतं? कारण व्हिडिओ गुंडाळलेला येतो आणि तो उलगडावा लागतो. जुन्या चिपला नव्या पद्धतीच्या गुंडाळ्या उलगडता येत नाहीत, मग सगळी ताकद त्यातच जाते आणि पंखा बोंबलतो. जरा अलीकडची चिप असली की उलगडायची आणि गुंडाळायचीही सोय तिच्या पोटातच असते. वेगळं महागडं कार्ड नको. आत फिरती डिस्क असेल तर ती काढून टाकायची आणि न फिरणारी बसवायची. पाच मिनिटांनी उठणारं मशीन पाच सेकंदांत उठतं. मेमरीची पट्टी एकच आहे, तशीच दुसरी जोडायची.

"आणि खात्री काय?" मावशीनं विचारलं.

त्यानं मशीन चालू केलं, मोठ्ठा स्पष्ट व्हिडिओ लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवला. मशीनच्या ताकदीतली किती खर्च होतेय ते. शंभरातले अकरा. मावशीनं डब्याला कान लावला.

"शांत आहे," ती म्हणाली. "ठोका चांगला आहे. द्या."

त्या दिव्यांच्या डब्याच्या किमतीत असे पाच आले असते. पडदाही जुनाच मिळाला. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका कायमचा हिरवा होता, म्हणून तो आणखी स्वस्त. मावशी म्हणाली, "गालावर तीळ आहे म्हणून कुणी मुलगी नाकारतं का?"

घरी काकांनी डबा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढासा?"

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," मावशीनं ऐकवलं.

मग जोडाजोड. कॅमेरा वेगळा घ्यायचाच नाही, असं तळघरवाल्यानं बजावलं होतं. मोबाइलचाच कॅमेरा चांगला, तो वायरीनं कॉम्प्युटरला जोडायचा. मावशीनं टेबललॅम्पचा वाकता दांडा कापला आणि मोबाइल त्याला असा लटकवला की तो बरोबर तिच्या हातांकडं बघेल. इंटरनेटचा डबा बाहेरच्या खोलीत, टेबल आतल्या, मधे जाडजूड भिंत. हवेतून येणारं इंटरनेट भिंतीत अर्धं मरतं, वायर टाका, हाही त्याचाच सल्ला. काकांनी वायर टाकण्याचं काम अंगावर घेतलं आणि ती बाहेरच्या खिडकीतून काढून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, आतल्या खिडकीतून आणली. पुढं दोन दिवस मावशीचं इंटरनेट आणि काकांचे पायजमे एकाच दोरीवर वाळत होते.

फक्त एका गोष्टीवर मावशी अडली. चित्र सेकंदाला तीस वेळा टिपायचं की साठ वेळा? मी म्हटलं, तीस पुरे, सगळे तेच करतात. तिनं लावून बघितलं आणि मान हलवली. "घड्याळाचं चक्र सेकंदाला पाच ठोके देतं. तिसात ते उचकी लागल्यासारखं दिसतं. साठ लाव." मी भीत भीत लावलं. त्या चपट्या डब्याचा पंखा जरा गुणगुणला, बस्स.

पहिल्या लाइव्हला तीन प्रेक्षक होते. एक मी, एक माझी आई, आणि तिसरा कोण ते कळेना. मावशी हरखून गेली. "अनोळखी माणूस बघतोय गं!" पाऊण तास ती त्या अनोळखी माणसासाठी तेल कसं सुईच्या टोकावर घ्यायचं ते समजावत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "बघणारे कोण आहात? प्रश्न असेल तर विचारा." पडद्यावर अक्षरं उमटली: "चहा टाकू का?" काका बाहेरच्या खोलीत बसून बघत होते!

पण माणसं येत गेली. कुणी निवृत्त, कुणी झोप न लागणारं, कुणी नुसतं मावशीची बडबड ऐकायला. तीन महिन्यांत रविवारी सकाळी साठ-सत्तर जण जमायला लागले. तळघरवालाही असायचा. कधी काही लिहायचा नाही. एकदाच लिहिलं, "हं."

आणि मग तो रविवार.

एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी त्यांचं घड्याळ दिलं होतं, नर्स छातीवर पिननं उलटं लावतात तसलं. एकतीस वर्षं त्यांनी ते वापरलेलं, आणि सहा महिन्यांपासून बंद. त्या स्वतः घरून लाइव्ह बघत होत्या. मी काकांच्या शेजारी, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं उभी होते. चक्राचा आस ज्या बारीक खड्यात फिरतो, त्या खड्यावरची स्प्रिंग मावशी बसवत होती. ती स्प्रिंग खसखशीच्या दाण्याएवढी, सोनेरी.

काकांना राहवलं नाही. "बघू, बघू," म्हणत त्यांनी मान पुढं घातली.

टिक! असा बारीक आवाज झाला आणि चिमट्याच्या टोकावर काहीच उरलं नाही.

"कुणी हलायचं नाही!" मावशी कडाडली. मी एक पाय उचललेला, तो तसाच हवेत. "उडाली."

आम्ही शोधलं. टेबल, तिचा पदर, वहीची पानं, दिव्याची टोपी. मी जमिनीवर आडवी होऊन फरशीला गाल लावून बघितलं. नाही. मावशीचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "नर्सबाई, माफ करा हो. या मापाची दुसरी मिळेल की नाही सांगता येत नाही..."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरांचा पाऊस सुरू झाला. "मागं नेऊन बघतोय!" "थांबा, मीही!" "हळू करून बघा!" सत्तर माणसं सत्तर घरांत तोच एक सेकंद पुढं-मागं करायला लागली. कुणी लिहिलं, डावीकडं गेली. कुणी लिहिलं, वर. "एकेक चित्र करून बघा, साठातल्या एकाच चित्रात एक सोनेरी रेघ आहे!" "मलाही दिसली!" "रेघ कुठं जातेय?" मग नर्सबाईंनीच लिहिलं:

"मिशीत."

मावशीनं मान वर करून काकांकडं बघितलं. काकांनी मिशीकडं बघायचा प्रयत्न केला, त्यामुळे त्यांचे दोन्ही डोळे नाकाशी जमा झाले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी फरशीवरूनच ओरडले.

"बोलू नका," मावशी काकांना म्हणाली. "हसू नका. नाकानं श्वास सोडू नका. इथं कॅमेऱ्याखाली या आणि गाल टेबलावर ठेवा."

बसचं स्टिअरिंग धरणारा तो धिप्पाड माणूस मावशीच्या टेबलावर गाल टेकून, डोळे मिटून पडला. पडद्यावर फक्त मिशी! मावशीनं भिंग ओढलं, ब्रशनं एकेक केस बाजूला करायला लागली. कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा शंभर झाला, दोनशे झाला. जो तो दुसऱ्याला बोलवत होता. "लवकर या, मिशीत स्प्रिंग शोधतायत!" कुणी लिहिलं, "उजवीकडं, टोकापासून दोन बोटं." कुणी लिहिलं, "बिस्किटाचा चुरा आहे तो." तोही निघाला, खरंच बिस्किटाचा!

"अहो," काका ओठ न हलवता पुटपुटले, "मला शिंक येतेय."

"शिंकलात तर माहेरी निघून जाईन!"

"तुमचं माहेर... हेच... टेबल..."

मी धावत जाऊन त्यांचं नाक धरलं. चारशे बारा माणसांच्या देखत मावशीचा चिमटा आत गेला, थांबला, आणि बाहेर आला. टोकाला एक सोनेरी कण.

"सापडली," मावशी म्हणाली.

मी नाक सोडलं. काका असे शिंकले की खिडकीतला पायजमा हलला. मावशीनं स्प्रिंग आधीच काचेच्या झाकणाखाली ठेवली होती. पडद्यावर काय काय येत होतं ते वाचायला कुणाला वेळ होता! मावशी हसायला लागली, बोलायला जायची आणि पुन्हा हसायची, भिंगात पाणी साचलं. दहा मिनिटं लाइव्हवर दुसरं काही झालंच नाही, आणि एकही माणूस उठून गेला नाही. मग तिनं डोळे पुसले, स्प्रिंग बसवली, आणि चक्र फिरायला लागलं.

तो मिशीचा व्हिडिओ पुढं कुठं कुठं गेला देव जाणे. बस डेपोतल्या जुन्या मित्रांचे काकांना फोन आले. मावशीकडं इतकी घड्याळं यायला लागली की तिनं दोन महिन्यांनंतरच्या तारखा द्यायला सुरुवात केली. आणि गल्लीतली माणसं कॉम्प्युटर घ्यायचा झाला की आधी तिला विचारायला लागली. ती प्रत्येकाला तोच प्रश्न करते: काय काम करून घ्यायचंय? मग त्याला घेऊन तळघराचा जिना उतरते आणि आत डोकं घालते.

नर्सबाई बुधवारी दुपारी घड्याळ न्यायला आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, लगबगीच्या. काकांना बघताच त्यांनी तोंडावर रुमाल धरला. काकाही हसायला लागले. मावशीनं घड्याळ पुढं केलं, ते त्यांनी छातीवर लावलं, मान खाली घालून वाचून बघितलं, आणि कसलीही प्रस्तावना न करता काकांचं मनगट पकडलं.

"गप्प बसा जरा."

काटा फिरत होता. त्यांची बोटं नाडीवर, ओठ ठोके मोजत होते.

"अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. मग मावशीचं मनगट. "एकशे दोन." मग माझं. "एकशे सहा! तू काय पळत आलीस का?"

"नाही हो, हसतेय."

त्यांनी शेवटी स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, मोजायला सुरुवात केली, वीसपर्यंत गेल्या, आणि हसू फुटून आकडा चुकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "घड्याळ चालतंय. चहा टाका."